उंच झाकण आणि त्याचं पॅकिंग

गेल्या वर्षी तेलाच्या एका थेंबापायी मी शर्यतीतून बाहेर झाले. नागपूरजवळच्या माळावर जीपगाड्यांची शर्यत होती, मी हेल्मेट घालून रांगेत बसले होते, आणि तपासनीस गाडीखाली वाकला. इंजिनाखालच्या मातीत त्याला थेंब दिसला. तेल गळणारी गाडी सोडत नाहीत, तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडलं तर आग लागते. नियम बरोबर होता, म्हणून मला आणखीनच राग आला. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या आणि मी, सौंसरच्या शाळेतली गणिताची बाई, हेल्मेट काखेत धरून उसाच्या रसवंतीपाशी उभी राहिले. घरी येऊन मी सांगितलं की शर्यतच रद्द झाली.

यंदा जायचंच होतं. पुढच्या वर्षीपासून माझ्या जीपएवढ्या जुन्या गाड्यांना प्रवेश नाही असं पत्रकात छापलं होतं, म्हणजे ही शेवटची संधी. पन्नाशीला आलेल्या बाईला शर्यत कशाला हवी, असं शाळेत काहींनी विचारून पाहिलं. मला वेग आवडतो, म्हणून हवी. चढावर इंजिन ओरडायला लागलं की मला हसू फुटतं आणि ते आवरता येत नाही.

तेल कुठून येतं ते ठाऊक होतं. पांढुर्ण्याच्या आमच्या मिस्त्रींनी इंजिनात मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घातला होता. त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त उघडतात, गाडी जास्त पळते, पण व्हॉल्व्ह दाबणारे रॉकरही आधीपेक्षा वर उसळतात. त्यांच्यावर असतं कंपनीचं पत्र्याचं झाकण, ज्याला आमच्याकडे सगळे टॅपेट कव्हर म्हणतात. रॉकर त्याला आतून टकाटक लागायला लागले. मिस्त्रींनी पत्रा हातोडीने ठोकून वर फुगवला. रॉकरला जागा झाली, पण त्या ठोकाठोकीत झाकणाची कड वाकडी झाली आणि तिथून तेल सुटलं. आता एकच उपाय होता, बाहेरच्या कोणी बनवलेलं उंच, ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर. वरून रॉकरला लागू नये आणि खालून घट्ट बसावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

एवढीच! पहिलं कव्हर इतकं चकचकीत आलं की त्यात मला माझे दात दिसले. मी आनंदाने ते मांडीवर घेऊन पांढुर्ण्याला गेले, तर बोल्टची भोकं बोटभर सरकलेली. दुसऱ्याचे बोल्ट अगदी बरोबर बसले, पण तेल ओतायचं तोंड एवढं उंच की बॉनेटच लागेना. मिस्त्री म्हणाले, बॉनेटला भोक पाडू. ते लगेच ग्राइंडर आणायला वळले, तशी मी जीप घेऊन घरी निघून आले.

तिसऱ्या कव्हरचा पत्ता मी फोनवर फोन करून लावला. नागपूरच्या एका दुकानात अगदी आमच्या इंजिनाचं पडून होतं. आमच्या घरी संत्र्याचा व्यापार आहे, माझे यजमान मालाच्या गाडीबरोबर नागपूरला जातच होते. मी त्यांना निघताना सांगितलं, वाटेत फोन करून सांगितलं, दुकानात पोचल्यावर पुन्हा सांगितलं की अहो, पॅकिंग विसरू नका, पॅकिंगशिवाय ते कव्हर काही कामाचं नाही. ते म्हणाले, पॅकिंगचं मला शिकवतेस का?

संध्याकाळी ते संत्र्याचा खोका दोन्ही हातांनी उचलून घरात आले. वर पट्ट्या ठोकलेल्या, आत गवत, गवतात कागद, कागदात आणखी कागद, आणि त्याच्या आत माझं कव्हर. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटला गॅरेजमध्ये पॅकिंग म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. संत्र्याच्या घरात पॅकिंग म्हणजे खोका. दुकानदार साध्या पिशवीत घालून देत होता, तर यांनी त्याला दटावलं, बाजारातून खोका आणला आणि स्वतः उभं राहून गवत भरलं.

"छिंदवाड्यापर्यंत फेकत नेलं तरी काही होणार नाही," ते म्हणाले. मला चिडायचं होतं. पण मी गवतात फतकल मारून हसत सुटले, आणि ते बिचारे विचारत राहिले की काय कमी पडलं.

पॅकिंग मिस्त्री हाताने कापून देणार होते. पण त्यांनी कव्हर टेबलावर ठेवलं तर ते डगडगलं. ओतताना त्याची कड किंचित वाकली होती. अशी कड असली तर कुठलंही पॅकिंग तेल अडवत नाही. ती पॉलिश पेपरवर घासून सपाट करायची, आणि पेपराखाली अगदी सपाट दगड हवा, असं ते म्हणाले. त्यांच्या गॅरेजात तसं काही नव्हतं. मी परतीच्या वाटेवर विचार करत होते की सौंसरमध्ये सगळ्यांत सपाट काय असेल, आणि एकदम उत्तर सापडलं. सासूबाईंचा ग्रॅनाइटचा नवा ओटा.

त्यांनी सरळ नाही म्हटलं. ओट्यावर सैपाक होते, गाड्या नाही. मग मी त्यांना खरं सांगितलं, की गेल्या वर्षी शर्यत रद्द झाली नव्हती, मला रांगेतून बाहेर काढलं होतं.

"सगळ्यांसमोर?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी ओट्यावरचे डबे एकेक करून खाली ठेवायला सुरुवात केली.

कड कुठे उंच आहे ते कळायला गॅरेजात निळा रंग लावतात. आम्ही कुंकू तेलात कालवलं, दगडावर पातळ पसरलं आणि कव्हर त्यावर टेकवलं. उंच जागा लाल झाल्या, बाकी कोरड्या राहिल्या. घासायचं, पुसायचं, पुन्हा टेकवायचं. पहिल्या दिवशी सासूबाई दुरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून कडेवर बोट ठेवलं आणि इथं अजून लागून नाही राह्यलं असं बजावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हातच लावू दिला नाही, तू तिरपं घासते म्हणाल्या. ते खरंच होतं. चौथ्या दिवशी सगळी कड एकसारखी लाल उमटली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात लाल हातांनी नाचलो. यजमान दारातून बघून परत गेले.

मिस्त्रींनी कॉर्कची शीट कव्हरच्या कडेवर ठेवून बारीक हातोडीने टकटक करत पॅकिंग कापलं. बोल्ट मी कसले. आता गळून दाखव, असं मनात म्हणत इतके कसले की पॅकिंग चिरडून बाहेर आलं. मिस्त्रींनी दुसरं कापलं आणि पाना माझ्या हातातून काढून घेतला. "मॅडम, जिनिंगमध्ये कापसाची गाठ नाही बांधून राह्यलो आपण," ते म्हणाले.

चाचणीला जामसांवलीच्या देवळापर्यंत गेलो. सासूबाई शेजारी बसल्या, समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. मला वाटलं घाबरल्या. चढ लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "हळू काहून चालवून राह्यली?" मी देवळाच्या वाटेवर मोठ्याने हसत सुटले.

शर्यतीच्या दिवशी तपासनीस तोच होता. त्याने इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा सरकवला, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि घड्याळ बघत उभा राहिला. दहा मिनिटं. मी स्टेअरिंग धरून मनात सेकंद मोजत होते. वेळ संपल्यावर तो खिशातून टॉर्च काढून वाकायला लागला, तर त्याच्या आधी कोणीतरी पुठ्ठा ओढून घेतला. सासूबाई. त्यांनी पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला, मग तो हात तपासनीसाच्या तोंडासमोर धरला.

"कोरडा हाय, भाऊ. सोडा आता माह्या सुनेले."

तपासनीस बाजूला झाला. हेल्मेटच्या आत मी ढसाढसा रडत होते, आणि समोरचा झेंडा खाली आला.