सोवळ्याचा डबा

त्या पंचनाम्याचा कागद अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, कारण तो माझ्याच हस्ताक्षरात होता.

साल ऐंशीच्या दशकातलं. मी नवी उपनिरीक्षक होते, खाकी साडीतली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे पंचनाम्याची मराठी मला जड जाई आणि बोलण्याचा मुळात संकोच. स्टेशनातले जुने हवालदार चिडवत, "मॅडम, आरोपीला आधी गुड मॉर्निंग म्हणा, लगेच कबूल होईल."

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराईला किनाऱ्याजवळ काही बंगले सुट्टीसाठी भाड्याने मिळत. नागपूरकडच्या एका कुटुंबाने त्यांतला एक आठवड्यासाठी घेतला होता. तिथे मुक्काम ठेवून रोज एकेक ठिकाण पाहायचं, कान्हेरीची लेणी, वसईचा किल्ला, असा त्यांचा बेत. मुलगा, सून आणि मुलाची म्हातारी आई. तिसऱ्या दिवशी सुनेच्या सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्या. मुलाने थेट फिर्याद दिली आणि संशय बंगल्याच्या रखवालदारावर घेतला. तो मालवणकडचा, बायकोसह मागच्या खोलीत राहणारा. किल्ल्या त्याच्याकडे, म्हणून चोर तोच, इतका सोपा हिशोब.

दोन पंच घेऊन आम्ही झडती घेतली. गाद्या उसवल्या, रखवालदाराची ट्रंक उपडी केली. म्हातारीच्या खोलीत पितळेचा एक मोठा डबा होता. मी हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "शिवू नकोस. सोवळ्यातले देव आहेत." सोवळं म्हणजे नेमकं काय, हे मला नीट ठाऊकही नव्हतं. मी हवालदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, देवाधर्माचं आहे." मी लिहिलं, 'देवपूजेचे साहित्य वगळून सर्व सामान तपासले.' आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी त्याखाली सही केली.

रखवालदाराला चौकशीसाठी स्टेशनात आणलं. कागदोपत्री अटक दाखवली नव्हती. संध्याकाळपर्यंत मारानं त्याचे दोन्ही तळहात सुजून काळेनिळे पडले होते. तो एकच सांगत होता, "साहेब, मी नाय घेतलंय." साहेब मला म्हणाले, "उद्यापर्यंत कबूल नाही झाला, तर त्याच्या बायकोला आत घ्या. मग बोलेल."

बायको बाहेरच्या बाकावर बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. काय विचारावं ते सुचेना. तीच बोलली.

"बाय, सगळा घर उलटापालटा केल्यात. म्हातारेच्या डब्याक हात लावल्यात?"

"नाही. का?"

"रोज आंघूळ करून पूजा करी. सून रडाक लागल्यापासून डबो उघडूक नाय. देव कोण असो बंद ठेवता?"

हे आमच्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. साहेबांना सांगितलं असतं तर ते हसले असते, म्हणून फिर्यादीचा जादा जबाब घ्यायचा आहे एवढंच सांगून मी एका हवालदाराबरोबर होडीत बसले. मुलगा-सून बाजारात गेले होते. म्हातारी व्हरांड्यात एकटीच होती.

"आजी, डबा उघडायचा आहे."

"ओवळ्याने नाही उघडत."

"मग मी आंघोळ करून येते."

हवालदाराला फाटकापाशी उभं केलं, मागच्या विहिरीवर गेले आणि साडीसकट डोक्यावर चार बादल्या ओतून घेतल्या. निथळत खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. म्हातारी व्हरांड्यातून उठून आली.

"सर्दी होईल तुला," ती म्हणाली. "थांब. मीच उघडते."

देवांच्या खालच्या वस्त्रात पाटल्या होत्या.

"सून कठड्यावर टाकून समुद्रावर गेली होती. अद्दल घडावी म्हणून उचलल्या. पोरगा एकदम पोलिसांत गेला. त्याला चारचौघांत तोंडघशी कसं पाडायचं, सांग." मग तिने विचारलं, "त्या माणसाला मारलं का गं?"

मी पाटल्या मोजून रुमालात बांधल्या. तिला काय ते कळलं.

मुलाने 'सामानातच सापडल्या' असं लिहून देऊन फिर्याद मागे घेतली आणि दुपारच्या होडीने सगळे निघून गेले. रखवालदाराला आम्ही सोडलं. पण अंधेरीहून बंगल्याच्या मालकाचा निरोप आधीच आला होता, पोलिसांनी नेलेला माणूस मला नको.

त्याची बायको माझ्या टेबलापाशी आली. "ह्येंनी चोरी करूक नाय म्हणान एक कागद लिवन देवा. मालकाक दाखवतंय."

मी साहेबांकडे गेले. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "असा फॉर्म नसतो हो. अटकच नव्हती, तर सुटका कसली लिहिणार?" नियमाने ते बरोबर होते. मी परत येऊन तिला तेच सांगितलं. नवऱ्याला चप्पल धड घालता येत नव्हती, कारण हातांनी पट्टा धरता येत नव्हता. तिने खाली बसून ती त्याच्या पायात घातली आणि दोघं गेली.

साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही करायला मला कोणी अडवलं नसतं. नोकरी नवी होती, भीती वाटली. चोर शोधणं आम्हाला शिकवलं होतं. चोर नसलेल्या माणसाला घरी कसं पाठवायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. पुढे माझ्या हाताखाली स्टेशन आलं तेव्हा मी अशा चिठ्ठ्या लिहिल्या, जावक क्रमांक न घालता, दप्तरी नोंद न करता. त्यांचा कोणाला किती उपयोग झाला, माहीत नाही. जिने पहिली मागितली, तिला मात्र दिली नाही.