आत्याची पळणारी गाडी

जगात घाई नावाची जी काही गोष्ट आहे, तिचा निम्मा साठा माझ्या धाकट्या आत्याकडे आहे आणि उरलेल्या निम्म्यावर बाकीच्या माणसांचं भागतं, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो. अमडापुरात तिला चालताना पाहिलेली माणसं फार थोडी. बहुतेकांनी तिला नुसतं गेलेलं पाहिलं आहे. चहा ती उकळता पिते, कारण निवायला वेळ लागतो. पंगतीत वरण वाढणारा तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा ती हात धुवून आलेली असते. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक लेझीमच्या तालावर पुढं सरकत असते, तेव्हा आत्या शेवटच्या चौकापर्यंत जाऊन परत आलेली असते आणि आम्हाला विचारते, "तुम्ही अजून इथंच काऊन?" तिचं लग्न झालं नाही. घरात त्याची वेगवेगळी कारणं सांगतात, पण माझे बाबा म्हणतात की पाहायला आलेल्या मंडळींनी पोह्यांच्या बशा खाली ठेवेपर्यंत मुलगी ड्युटीवर निघून गेलेली असायची, त्यामुळं पसंत-नापसंतीचा प्रश्न कधी आलाच नाही.

चौतीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. आजूबाजूच्या खेड्यांत चाळिशीच्या आतला असा माणूस सापडणं कठीण, ज्याच्या दंडाला आत्यानं सुई टोचलेली नाही. तिची सुई दुखत नाही अशी ख्याती होती. दुखायला लागेपर्यंत ती पुढच्या पोराकडे गेलेली असायची, हे त्याचं खरं कारण. तिच्याकडे एक जुनी मोपेड होती. ती मोपेड तयार करणाऱ्यांनी तिच्याकडून जेवढी अपेक्षा केली असेल, त्याच्या दुप्पट काम आत्यानं तिच्याकडून करून घेतलं. एकदा चिखलीच्या स्टँडवर एका बसड्रायव्हरनं आत्याला हात जोडून विनंती केली होती, "बाई, घाटात जरा मागं राह्यत जा. प्रवासी मले टोमणे मारतात."

तर ही आत्या निवृत्त झाली आणि आमच्या बुलढाण्याच्या घरी सगळे तिच्या आयुष्याची आखणी करायला जमले. बाबा म्हणाले, वरचा मजला बांध. आईनं सुचवलं, गुडघ्यांकडे पाह्य, कुठंतरी हवापालटाला जाऊन ये. आत्या भाकरी मोडत म्हणाली, "मी गाडी घेऊन राह्यली."

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. "मोठी घे. सगळे मावले पाह्यजे."

"सगळ्यायले कुठं न्यायचं आहे मले? मले लहान पाह्यजे. पण पळणारी."

बाबांचा घास तोंडाशीच राहिला. मी बुलढाण्यात एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळं यंत्राबिंत्रातलं मला कळतं असा घरात एक गैरसमज आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानंच मग मला समजावलं. काही लहान गाड्या अशा असतात की बाहेरून पाहिल्या तर शाळेतल्या एखाद्या बाईंच्या वाटाव्यात, आणि आत टर्बो लावलेलं इंजिन. पायाचा इशारा मिळाला की समोरचा ट्रक मागं दिसायला लागतो. नव्या फार महाग. आत्यानं साडेपाच लाखांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणजे जुनीच घ्यावी लागणार. आणि इथंच सगळी मेख होती. असली गाडी हळू चालवायला कोणी घेत नाही. बाजारात येते ती कोणाच्या तरी उत्साहाला पुरून उरलेली.

"पळवलेली चालते मले," आत्या म्हणाली. "छळलेली नको. तू येजो माह्यासोबत."

"पण आत्या, मले गाडीतलं काहीच कळत नाही."

"म्हणूनच तं नेऊन राह्यली. कळणारा माणूस मधात बोलते."

पुढचे चार महिने माझे रविवार आत्याच्या मालकीचे झाले. तिची पद्धत अगदी दवाखान्याची होती. प्रत्येक गाडीचा तिनं एक केसपेपर केला. वय, आधीचे मालक किती, सध्याची तक्रार, पूर्वी झालेले आजार, अपघात, आणि शेवटी नातेवाइकांचा स्वभाव. नातेवाईक म्हणजे विकणारा. यातला शेवटचा रकाना ती सगळ्यात आधी भरायची. गाडी पाहायला जायच्या आधी फोनवर एकच गोष्ट बजावायची, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होतानाच खरं बोलतं, असं तिचं मत. पोचल्यावर ती नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवायची, पोराचं कपाळ पाहावं तसा.

चिखलीला एका तरुणाची पिवळी गाडी पाहायला गेलो. दारांवर ज्वाळांची चित्रं, सायलेन्सर बदललेला. सकाळी आठची वेळ. आत्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"ताप आहे," ती म्हणाली.

तरुण म्हणाला, "ऊन लागून राह्यलं मावशी."

"सावलीत उभी आहे न बाबू." मग तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुले मीच टोचलं होतं न बे लहानपणी? अंगणवाडीत? तवाही असाच हात मागं लपवून म्हणत होता, मले देल्ली सुई म्हणून."

तो लाजला, आणि आम्हाला चहा पाजून त्यानं स्वतःच सांगितलं की गाडी सकाळी लवकर उठत नाही, तासभर मनधरणी करावी लागते. आत्यानं त्याला गाडीचा आणि त्याच्या आईच्या बीपीचा असे दोन सल्ले दिले आणि आम्ही निघालो.

जालन्याला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे चकचकीत पांढरी गाडी होती. मीटरवर आकडा इतका लहान की गाडी बहुधा फक्त दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढत असावेत. मला ती फार आवडली. आत्यानं दार उघडलं, खाली वाकली आणि ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवलं. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. ड्रायव्हरच्या सीटची कडही बसलेली. ती उभी राहून अगदी शांतपणे म्हणाली, "मीटर म्हणते गाडी घरातच होती. रबर म्हणते देश पाहून आली. दोघांतलं खोटं कोण ते तुम्ही ठरवा, आम्ही निघतो." आणि व्यापाऱ्याला वाक्य सापडेपर्यंत आम्ही रस्त्यावर होतो. मला मागं उभं राहून धूर पाहण्याचं एक काम नेमून दिलेलं होतं. निळा निघाला तर इंजिन तेल जाळतंय असं समजून हात वर करायचा. त्या दिवशी ती पाळीसुद्धा आली नाही.

असं करता करता आम्ही देऊळगाव राजाला पोचलो. कापडाचं दुकान बंद करून घरी बसलेले एक गृहस्थ होते. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी. मुलगी पुण्याला नोकरीला असताना तिनं लाल रंगाची अशी गाडी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी ती परदेशी गेली आणि गाडी वडिलांच्या अंगणात पत्र्याखाली आली. त्यांनी तिच्यावर दुकानातली फुलाफुलांची चादर पांघरली होती. चादर बाजूला झाली आणि आत्यानं हात ठेवला. बॉनेट थंडगार. आत्यानं सगळी गाडी पाहिली, वाकून, उकिडवं बसून, एकदा चक्क जमिनीवर आडवी होऊन. तिला काही म्हणून बोलायला सुचत नव्हतं, यावरूनच मी ओळखलं की गाडी मिळाली.

पण किल्ली त्या गृहस्थांच्या मुठीत होती. ते म्हणाले, "ताई, आधी एक सांगा. तुम्हाला या वयात एवढी पळणारी गाडी कशाला पाहिजे?"

हा प्रश्न तिला घरात सगळ्यांनी विचारला होता आणि तिनं कोणालाही उत्तर दिलं नव्हतं. मला वाटलं, आता हाही गृहस्थ उडवला जाणार. आत्या ओट्याच्या पायरीवर बसली.

"चौतीस वर्षं दवाखान्याच्या जीपमधी डावीकडं बसली मी भाऊ," ती म्हणाली. "मागं बाई कळा देऊन राह्यली, रक्त थांबून नाही राह्यलं, आन् गाडी आपली चालली. घाई माही, पाय दुसऱ्याचा. ड्रायव्हर चांगले होते बिचारे, गाडीच तशी. मी पायानं खाली दाबत राहो. तिथं ब्रेक नाही, काही नाही, नुसता पत्रा. माह्या टाचेनं जीपच्या मॅटले भोक पडलं होतं." तिनं टाच पायरीवर घासली. "पुष्कळ बाया वाचल्या. सगळ्या नाही वाचल्या. आता मले कुठं पोचायचं नाही. पण एकदा तरी, दाबलं का गाडी गेली पाह्यजे."

गृहस्थांनी किल्ली पुढं केली. आत्यानं ती घेतली नाही.

"माहंही एक ऐका," ती म्हणाली. "हे टायर उभ्यानं कडक झाले. तुम्ही गाडी जागेवर चालू करता काय?"

"दर रविवारी. न चुकता. पंधरा मिनिटं."

"तेच नको होतं. पेशंटले पलंगावर उठून बसवायचं आन् परत निजवायचं, असं झालं ते. गाडीले चालवा लागते. आतलं तेल खराब झालं असन, ब्रेक धरले असतीन."

त्या माणसाचा चेहरा उतरला. "म्हणजे दोन वर्षं मी तिचं नुकसानच केलं?"

"जीव लावला," आत्या म्हणाली. "फक्त पद्धत चुकली. मायबापाचं होते असं."

मग त्यांनी चादर उचलली आणि पुन्हा गाडीवर घातली. चारी कोपरे नीट खोचले. "आज नाही देता यायची," ते म्हणाले. "मला विचार करू द्या."

परतताना मी आत्याला म्हणालो की तू खरं सांगितलं नसतं तर गाडी आज आपली होती. ती म्हणाली, "देईन तो." आणि मग जे घडलं ते आमच्या घराण्याच्या इतिहासात घडलेलं नव्हतं. आत्या थांबली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मेहकरहून, खामगावहून गाड्यांचे फोन आले, तिनं सगळ्यांना नाही सांगितलं. बाबांना वाटलं तिची तब्येत बिघडली आहे.

चौथ्या आठवड्यात देऊळगाव राजाहून फोन आला. त्यांनी चारी टायर नवे टाकले होते, तेल बदललं होतं, ब्रेक साफ करून घेतले होते. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली होती, पप्पा, गाडी आहे ती, देव नाही. त्यांची एकच अट होती. पहिल्यांदा गाडी निघेल तेव्हा चिखलीपर्यंत त्यांना बरोबर न्यायचं.

तसे आम्ही निघालो. आत्या स्टिअरिंगवर, ते शेजारी, मी मागं. देऊळगाव मही ओलांडून रस्ता मोकळा झाला तसा आत्यानं पदर कमरेला खोचला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आवाज बदलला, माझी पाठ सीटला चिकटली आणि कडेच्या बाभळी एकमेकींत मिसळून गेल्या. आत्या ओरडली नाही, हसली नाही. तिनं फक्त एक लांब श्वास सोडला, इतका लांब की तो किती वर्षं धरून ठेवला असेल याचा मला अंदाज येईना. दोन-अडीच किलोमीटरनंतर तिनं पाय सैल केला.

ते गृहस्थ समोर पाहत म्हणाले, "ताई, माझी पोरगी अशी चालवत असेल का? माझ्यासोबत तर ती बैलगाडीसारखी चालवायची."

"गाडी सांगून राह्यली न भाऊ," आत्या म्हणाली. "जोरातच चालवत होती. पण क्लचले त्रास देल्ला नाही तिनं, एक गिअर दुखवला नाही. चांगल्या हाताची आहे पोरगी. तिची काळजी नका करू."

त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि चिखली येईपर्यंत तो हातातच ठेवला. स्टँडवर उतरले, गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला आणि देऊळगावच्या बसमध्ये चढले.

याला आता दीड वर्ष झालं. आत्याची गाडी अमडापूर ते बुलढाणा सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलवाले तिचा आवाज ऐकून चहा गाळतात. पण गेल्या फेब्रुवारीत आम्ही देऊळगाव राजाहून, त्याच गृहस्थांच्या घरी जेवून परत येत होतो. दुपारची वेळ, रस्ता सरळ आणि रिकामा, आणि गाडी चाळिसानं चाललेली. मी काटा दोनदा पाहिला.

"आत्या, गाडीत काही झालं काय?"

"नाही तं."

दोन्ही बाजूंनी बियाण्याच्या कांद्याचे डोंगळे फुलले होते. पांढरे गोल गोंडे, पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत, आणि त्यांवर मधमाश्या. आत्यानं काच खाली केली.

"नोकरीची पयली आठ वर्षं याच रस्त्यानं गेली माही," ती म्हणाली. "हे तवाही असतीन न रे?"

"असतीलच."

"मले दिसलेच नाही."

मागून एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. आत्यानं आरशात पाहिलं, गाडी हळूच कडेला घेतली आणि त्याला पुढं जाऊ दिलं.