तळणीच्या तेलावरची जीप

ती पहाट अजून डोक्यातून जात नाही. छत्तीस प्रकारची माणसं पाहिली, खून आणि दरोडे पाहिले, निवृत्तीनंतर त्यातलं बरंचसं पुसट झालं. हा मात्र एक साधा अपघाताचा गुन्हा होता आणि तोच तेवढा राहिला. नावं कोणाचीच देत नाही.

नाशिकच्या पश्चिमेकडच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. थंडी इतकी होती की बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवत होते. उजाडायच्या सुमारास ठाणे अंमलदाराचा फोन आला. फाट्यावर एका बाईला वाहनाने उडवलं होतं आणि वाहन पळून गेलं होतं.

बाई तिशीतली, दोन मुलांची आई. घरची झेंडूची आणि गलांड्याची शेती. ती आणि तिची धाकटी जाऊ फुलबाजारात जाणाऱ्या टेम्पोची वाट पाहायला रोज त्या फाट्यावर उभ्या राहत. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर फुलं पसरली होती, त्यात दिव्याच्या काचेचे तुकडे होते. टेम्पो आल्यावर बाईला त्यात घालून नेलं होतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात ती गेली. तोवर ती जिवंत होती. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव पोटात झाला होता. लवकर आणली असती तर वाचण्याची शक्यता होती.

पंचनामा झाल्यावर जावेचा जबाब घेतला.

"मी दुसरी करंडी आणाया वावरात गेले होते," ती म्हणाली. "धाडकन आवाज झाला. पळत आले तर लाल दिवा लांब चाललेला. धुकं लय होतं साहेब, नंबर नाय दिसला. पण वास आला."

"कसला वास?"

"भजी तळल्यावानी. एवढ्या पहाटं रस्त्यावर कोण तळील?"

माझे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, बाई धक्क्यात आहे. हे कशाला जबाबात?"

"ती सांगते तसंच लिहा," मी म्हणालो.

आम्ही नेहमीच्या वाटेने तपास सुरू केला. गॅरेजं पाहिली, शहराच्या नाक्यावरचे कॅमेरे पाहिले, रस्त्यावरच्या प्रत्येक पेट्रोल पंपाचं फुटेज तपासलं. हाती काही लागलं नाही. धुक्यात कॅमेऱ्यांना दिव्यांच्या ठिपक्यांपलीकडे काही दिसलं नव्हतं. काच जुन्या पद्धतीच्या गोल दिव्याची होती, एवढंच काय ते नक्की होतं.

खबर आली ती आमच्या बीट अंमलदाराच्या ओळखीच्या एका वडेवाल्याकडून. तो स्वतः ठाण्यात आला आणि बराच वेळ बाकावर बसून राहिला. मी आत बोलावलं तेव्हा म्हणाला, "तळणीच्या वासाची गाडी विचारत होते म्हणे तुमचे लोक. एक रिटायर मास्तर हायेत, वर डोंगरातल्या गावात. आमच्याकडून कढईतलं जुनं तेल घेऊन जातात. त्यांची जीप त्याच्यावर चालते. माणूस देवासारखा हाय साहेब. त्यांनी काही केलं नसंल. पण मला झोप येईना."

मास्तर म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नी वारल्यावर ते गावी येऊन राहिले होते. जुनी डिझेल जीप त्यांनी स्वतः दुरुस्त केली होती. डिझेलची छोटी टाकी आणि तेलाची मोठी टाकी, अशी दोन टाक्यांची सोय होती. गाडी डिझेलवर सुरू करायची आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची. तेल आधी डब्यांत निवळू द्यायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. असं हे सगळं एकट्याचं काम. गावात दुसरं चारचाकी वाहन नव्हतं. रुग्णवाहिका बोलवायची तर फोनला रेंज मिळेपर्यंत टेकडी चढावी लागे, आणि ती घाटातून येईपर्यंत व्हायचं ते होऊन जाई. त्यामुळे बाळंतपण असो, ताप असो की विंचू चावलेला असो, लोक मास्तरांचं दार वाजवत. मास्तर कधी कोणाकडून काही घेत नसत. इंधन फुकट मिळतंय, मग घेऊ कशाचं, असं म्हणत.

आम्ही गावात गेलो. ज्याला विचारावं तो एकच सांगे, "मास्तरांची गाडी महिनाभर बंद हाय." सरपंच तेच म्हणाले, पिठाच्या गिरणीवाला तेच म्हणाला. इतक्या सारख्या शब्दांत माणसं खरं बोलत नाहीत, हे नोकरीत लवकरच कळतं. मास्तरांच्या पडवीत जीप ताडपत्रीखाली होती. डावा दिवा उजव्यापेक्षा नवा होता.

मास्तरांना ठाण्यात आणलं. सत्तरीच्या आसपासचे, स्वच्छ कपड्यातले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. दिव्याबद्दल विचारलं तर म्हणाले, दगड उडाला. त्या पहाटे कुठे होतात, तर घरी. चहाला त्यांनी हात लावला नाही. दिवा बदलल्याने गुन्हा सिद्ध होत नाही. मी त्यांना घरी जाऊ दिलं.

पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. एवढ्या थंडीत, पहाटे, म्हातारा माणूस शहराकडे कशासाठी जाईल? कोणीतरी आजारी असणार. अंगणवाडीत चौकशी केल्यावर कळलं की त्याच दिवशी गावातल्या एका सुनेचं बाळंतपण शहरात झालं होतं. महिला हवालदाराला घेऊन मी त्या घरी गेलो. सासू दारातच म्हणाली, "यष्टीनं गेलो आम्ही."

"पहाटे एसटी नसते, आजी."

ती दारातून बाजूला सरली. आत खाटेवर सून बसली होती, मांडीवर बाळ. वीस-एकवीसची असेल. ती आतूनच म्हणाली, "आत्या, खोटं नको. मला नाय सोसवत."

मग तिनेच सांगितलं. "मास्तर उतरले होते. मला कळा येत होत्या, रक्त जात होतं, तरी ऐकू आलं. ती बाई आई गं म्हणाली. दोनदा म्हणाली. मग गाडी सुटली. मी आत्यांना म्हटलं, तिला घ्या. माझ्या तोंडातून शब्द निघाला का नाय, तेच मला आठवत नाय."

सासू भिंतीला टेकून खाली बसली. "मीच म्हटलं चला म्हणून," ती म्हणाली. "माझी सून मरत होती."

मास्तरांना पुन्हा बोलावलं. त्या सुनेने सगळं सांगितलंय, एवढंच म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धुक्यात दिसली नाही," ते म्हणाले. "ब्रेक मारला. खाली उतरलो. इंजिन गचके खात होतं. तेल थंडीत थिजतं, आणि मी फाट्याच्या आधीच तेलावर घेतलं होतं. बंद पडलं असतं तर लवकर सुरू झालं नसतं. मागे पोरगी तडफडत होती."

"बाईला गाडीत घेता आलं असतं का? जागा होती?"

"होती."

"मग दवाखान्यात पोचल्यावर कोणाला सांगितलंत?"

"सांगितलं तर गाडी जाणार. मग गावाने काय करायचं? मी स्वतःला असं समजावलं. खरं सांगायचं तर घाबरलो होतो, साहेब. गाव नंतर आठवलं."

इतक्या वर्षांत इतका सरळ कबुलीजबाब मी क्वचित ऐकला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, पण आता साक्षीदार होते, काचेचे तुकडे होते, बदललेला दिवा होता. गुन्हा जामीनपात्र असल्याने ते त्याच दिवशी घरी गेले. जीप मात्र जप्त झाली. विमा नव्हता, नोंदणीची मुदत संपलेली, इंधनातला बदल परवानगीशिवाय. न्यायालयाने गाडी सोडली नाही. ती आमच्या आवारात, लिंबाखाली उभी राहिली.

गावातले लोक भेटायला आले. मला वाटलं, मास्तरांसाठी रदबदली करायला आले असतील. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "माणूस ठेवून घ्या साहेब, पण गाडी द्या." मी कायदा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि ते चालत परत गेले.

वरिष्ठांकडे मी लेखी मागणी केली, त्या गावाजवळ रुग्णवाहिका ठेवावी म्हणून. स्मरणपत्रं दिली. उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे.

पावसाळ्यात त्या गावातल्या एका शाळकरी मुलीला साप चावला. बापाने आधी पाठीवर घेतली, मग मोटारसायकलवर. शहरात पोचेपर्यंत ती संपली होती. अकस्मात मृत्यूची नोंद माझ्याच ठाण्यात झाली. बाप जबाबाला आला तेव्हा मी स्वतः लिहून घ्यायला बसलो. खिडकीतून जीप दिसत होती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घातली.

खटला उभा राहिला तेव्हा मास्तरांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा भोगून आल्यावर ते घराबाहेर पडेनासे झाले, असं ऐकलं. मृत बाईच्या नवऱ्याने फुलांची शेती मोडली. निकाल कळवायला मी गेलो तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं." पण बरं झाल्यासारखा त्याचा चेहरा नव्हता.

मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. तीच केस पुन्हा आली तर गाडी पुन्हा जप्त करीन, कारण त्या फाट्यावर पडलेल्या बाईला दुसरा कोणी वाली नव्हता. लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. उघडकीस आलेल्या गुन्ह्यानंतर काहीतरी जागेवर येतं, असं मी तरुणपणी समजत होतो. या केसमध्ये प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे झाली, आणि त्यातून कोणाचंच भलं झालं नाही. यापलीकडे मला सांगता येत नाही.

साप चावलेल्या मुलीच्या त्या बापाला मी नेहमीचा प्रश्न विचारला होता, मृत्यूबाबत कोणाविरुद्ध तक्रार किंवा संशय आहे का. त्याने नाही अशी मान हलवली. मी लिहिलं, 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' मग जबाब त्याला वाचून दाखवला, आणि त्याने खाली सही केली.