गोलापाशी फुटलेला बांध

पावसाळ्यात माझे पाय गावात टिकत नसत. आभाळ भरून आलं की कुठल्या ना कुठल्या फुटबॉल टीमचा माणूस मला शोधत येई. नाही आला तर मीच जऊळक्याच्या ठेसनावर जाऊन बसे. आमचं घर बागायती माळ्यांचं. पावसाळ्यात मोट बंद, त्यामुळे बापही अडवत नसे. एक साल अकोल्याची गिरणी, दुसरं साल खांडव्याकडची रेल्वेची टीम, तिसऱ्या साली एक पलटण. नाव कामगारांत, काम मैदानात. हंगाम सरला की, "बरं, या आता." मी सेंटर फॉरवर्ड, गोल मारणारा, पण हंगामी. वालाच्या शेंगांसारखा.

तेव्हा आम्ही अनवाणीच खेळायचो. चिखलात बाकीचे घसरत आणि मी उभा राही, कारण लहानपणापासून वाफ्यांना पाणी नेणाऱ्या दांडात अंगठे रोवून पाणी वळवलं होतं. पाऊस पडला की मला भाव येई.

पण दर साली नवी खोली, नवे सोबती, नवा मुकादम, याचा मला वीट आला होता. घरी असलो की मैदान आठवे, मैदानात असलो की घर. बायको म्हणायची, "तुमी इथं बी नसता अन् तिथं बी नसता." खरंच होतं, म्हणून तर राग यायचा.

एका साली गिरणीच्या मुकादमानं स्वच्छ सांगितलं, "आजची मॅच काढून दे, तुले कायम करतो. राहाले खोली बी देतो." कायम! बायकोला घेऊन येईन, गाठोडं बांधणं एकदाचं संपेल.

मॅच बरोबरीत, पाऊस धो धो. खेळ सगळा आमच्या गोलापाशी अडकलेला आणि मी पलीकडच्या टोकाला एकटा, कडेच्या रेषेजवळ ताटकळत उभा. रेषेपलीकडे, खालच्या अंगाला, कुण्या माळ्याचे मिरचीच्या रोपांचे वाफे होते. मैदानातलं पाणी त्यांच्या बांधाला भिडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत बांध फुटला. गढूळ लोंढा सरळ रोपांवर. मी विचार केलाच नाही. रेषेबाहेर गेलो, फुटल्या जागी एक पाय आडवा घातला, दुसऱ्यानं चिखल ओढून दाबू लागलो.

मागून आरडाओरडा झाला. वळून पाहतो तर लांबून आलेला चेंडू माझ्या रिकाम्या जागेवरून घरंगळत चाललेला. चेंडू धरायला पुढे धावलेला त्यांचा गोलकीपर घसरून चिखलात पालथा, गोल सताड उघडा. चेंडू आरामात बाहेर गेला. पुढे आम्ही हरलो.

"माह्या टीमले माळी नाई पायजे होता," मुकादम म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोपं वाचली काय?"

"वाचली."

"मंग कायले तोंड पाडून बसला?"

"मले गोल बी पायजे होता, बा," मी म्हणालो, आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडलो. बाप पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवून बसून राहिला.

पलीकडे बायको माझं गाठोडं सोडू लागली होती.

"राहू दे," मी म्हटलं. "पावसाळा अजून सरला नाई."