खालच्या दाढेचं तिसरं मूळ

त्या सकाळी कर्जतच्या दातांच्या डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाल्या, "तुमच्या दाढेला तीन मुळं आहेत. तिसऱ्याला अजून कुणी हात लावलेला नाही." आई जाऊन तेव्हा महिना झाला होता.

खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोनच मुळं असतात. मुळांत बारीक नळ्या असतात आणि त्यांत दाताची नस. खराब झालेली नस काढून नळ्या साफ करून भरायच्या, हे रूट कॅनल. माझं ते खालापूरला झालं होतं, आईच्या शेवटच्या आजारपणात. तरी दाढ ठणकत राहिली. पुन्हा दाखवायला जायचं, तर आई गेली.

दहिवलीच्या आमच्या घरी चूल बंद होती. नातलग पिठलं-भाकरी घेऊन येत आणि मी खाईपर्यंत समोरून हलत नसत. मी भाकरी चहात भिजवून गिळायचे. कोंडाण्याची मावशी, आईची धाकटी बहीण, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खा गं बाय. ताई येनार हाय का परत?"

"मावशी, दाढ दुखतेय."

"दाढ कसली? जीव दुखतोय तुझा."

मलाही ते पटलं. नस काढलेली दाढ दुखेलच कशी? रडू यायचं, दाढ ठणकायची. मी दोन्ही एकच धरलं. पुढे हिरडीवर पुळी आली. मावशीने बॅटरी लावून पाहिली. "ह्ये काय रडून आलं नाय. चल, ऊठ."

कर्जतला डॉक्टरांनी एक्स-रे तिरका घेतला. सरळ एक्स-रेत हे मूळ दुसऱ्याच्या मागे लपतं, म्हणून आधी दिसलं नसेल, असं त्या म्हणाल्या. याला रेडिक्स एन्टोमोलॅरिस म्हणतात, म्हणजे जिभेच्या बाजूचं जादा मूळ. माझं टोकाशी आकड्यासारखं वळलेलं होतं. दाढ काढावी तर मूळ तुटून आत राहण्याची भीती. पुन्हा रूट कॅनल करावं तर वळणावर फाइल, म्हणजे नळी साफ करायची बारीक सुई, मोडण्याची भीती. शेजारची दाढ आधीच गेलेली. ही गेली असती, तर त्या बाजूने चावणं संपलं असतं.

खुर्चीशेजारून मावशी म्हणाली, "ताईची पन अशीच मोडली व्हती. काढाया गेले, निम्मी आतच. तवापासून ती एकाच अंगानं चावायची."

आई एका बाजूने जेवते हे मी जन्मभर पाहिलं होतं. का, ते त्या खुर्चीत कळलं.

डॉक्टर म्हणाल्या, "मुळांची अशी ठेवण कधी कधी घराण्यात असते. बरं झालं सांगितलंत, मावशी. आपण दाढ वाचवायचीच बघू."

पनवेलला थ्री-डी स्कॅन झाला. मग डॉक्टरांनी भिंगातून पाहत, घाई न करता, त्या नळीचं तोंड शोधलं. "सापडलं," त्या म्हणाल्या, आणि माझे डोळे वाहू लागले.

"दुखतंय का?"

मी हातानेच नाही म्हटलं.

रूट कॅनलनंतरही चावताना दुखत राहिलं, तर गप्प बसू नका. घरात कुणाचा दात काढताना मोडला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि घरात दुःख असलं, तरी दुखणं दाखवायला जा. मला हे डॉक्टरांमुळे आणि मावशीमुळे उमगलं. दोघींची मी ऋणी आहे.

ती नळी फाइल न मोडता साफ होऊन भरली गेली, आणि दाढेवर आता टोपी, म्हणजे कॅप, बसवली आहे. भाकरी मी दोन्ही बाजूंनी चावते. आईचं मोडकं मूळ तिच्याबरोबर गेलं. तसंच एक माझ्या तोंडात शाबूत आहे.