शिपायाचा राजीनामा

गोष्ट साठ सालानंतरची. राजाजीनगरच्या त्या गल्लीत पन्नास बिऱ्हाडांना नळ एकच, आणि बायका सकाळ-संध्याकाळ घागरी मांडून ताटकळत. यल्लाप्पाने दुसऱ्या नळासाठी आठ अर्ज दिले; उत्तर एकाचंही नाही. शेवटी कॉर्पोरेशनच्या निवडणुकीला आपणच उभं राहायचं, असं त्याने ठरवलं. बेळगावकडून या कानडी शहरात येऊन बावीस वर्षं सरकारी कचेरीत शिपाई म्हणून राबलेला माणूस. सरकारी नोकराला उभं राहता येत नाही, म्हणून त्याने राजीनामा दिला. बायकोने, गंगव्वाने, कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "सरी, बरं. नळ तेवढा आणा."

यल्लाप्पा नको इतका सरळ. राजीनाम्याबरोबरच बिल्ला नि पट्टाही काढून त्याने हेडक्लार्क शेषगिरीरावांच्या टेबलावर ठेवला. तिथंच घोडं अडलं. फाइल वरच्या मजल्यावर साहेबांकडे जायची, शाखेला शिपाई एकच, आणि फाइल वाहणं हे काही क्लार्कांचं काम नव्हे! साऱ्या कचेरीच्या रजा, बढत्या, पेन्शनी ज्याने जिन्यावरून वाहिल्या, त्याचा स्वतःचा कागद चार दिवस खालीच पडून राहिला. तो रोज येऊन बाकावर बसे.

"रावसाहेब, मीच नेऊ काय वर?"

"बिल्ला नाही, फाइलीला हात कसा लावशील? स्वल्प थांब. बदली माणूस येईल."

थांबणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. तो थांबला.

उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्याने राजीनामा मंजूर झाल्याचा कागद मागितला. तो कुठला असायला? उमेदवारी अर्ज बाद झाला.

यल्लाप्पा पाय ओढत कचेरीत आला. निदान नोकरी तरी वाचावी. "रावसाहेब, राजीनामा परत द्या."

शेषगिरीरावांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "तुझी दया आली रे. मघाशी मीच वर नेला. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली." कागद पुढे करत ते म्हणाले, "आता निवडणूक लढवायला तुला कुणाची आडकाठी नाही."

पुढची निवडणूक काही वर्षांनी. टेबलावर वर जायची आणखी एक फाइल होती. सवयीने यल्लाप्पाचा हात तिच्याकडे गेला.

"राहू दे," शेषगिरीराव हळूच म्हणाले.

संध्याकाळी गंगव्वा नळाच्या रांगेत होती. यल्लाप्पा कचेरीतून थेट तिथंच आला. त्याने तिच्या हातातली घागर घेतली.

"तू जा घरी," तो म्हणाला. "मी हाय इथं. मला आता दुसरं काय काम हाय?"