आईच्या दातांवरचं कीटण

लातूरला एमडीएस करताना मी दातांवरच्या कीटणावर प्रबंध लिहिला. कीटण म्हणजे दातांच्या मुळाशी साचून दगड झालेला थर. तो कशाचा बनतो आणि आमच्या भागात एवढा का साचतो, हे मला शोधायचं होतं. माझा संशय बोअरच्या पाण्यावर. देवणीकडच्या आमच्या गावात हंड्याला आतून पांढरी खपली धरते. दातांनाही तीच धरत असणार, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना छातीठोकपणे सांगून बसले होते.

त्यासाठी जाड नमुने हवे होते. दवाखान्यात मिळायचं ते चिमूटभर. मग मला आई आठवली. नमुन्यासाठी आठवली, हे आधीच कबूल करते. एवढी वर्षं लोकांच्या तोंडात वाकून काढली, पण आईला एकदाही ‘आ कर’ म्हटलं नव्हतं. हसताना ती तोंडावर पदर धरायची. लाजते, एवढंच मला वाटायचं.

सुटीत घरी गेले, तिला ओसरीत बसवलं आणि टॉर्च मारला. जन्मभर मिसरी लावलेल्या खालच्या चार दातांमागे काळी भिंतच उभी होती. ती पाहून मला चक्क आनंद झाला. लिहितानाही लाज वाटते.

“ते खरवडू नको बाई,” आई म्हणाली. “त्यानंच दात धरून ठेवलेत. समद्या बायांला ठावं हाय.”

मी हसले. शिबिरांमध्ये हीच समजूत खोडून काढायचं काम मी करायचे. खरं तर आधी एक्स-रे काढावा, खाली हाड किती उरलंय ते बघावं, रुग्णाला सगळं सांगावं आणि मगच हत्यार उचलावं, हे ज्युनिअरांना मीच शिकवत होते. पण एक्स-रेसाठी तिला उदगीरला तरी न्यावं लागलं असतं, आणि माझी सुटी दोन दिवसांची. दुपारभर खरवडलं. रक्त आलं की ती चूळ भरायची आणि न सांगता पुन्हा आ करायची. माझी डबी भरली.

बायांचं खरं निघालं. हाड केव्हाच झिजून गेलं होतं. त्या भिंतीनंच चारही दात एकमेकांना बांधून ठेवले होते. महिन्याभरात दोन आपोआप पडले, दोन मी काढले. ते तसेही गेलेच असते, असं सर म्हणाले. गेले असते. पण मी तिला तसं आधी सांगायला हवं होतं. शेजारणींनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “वय झालं.”

नांदेडला एका प्रयोगशाळेत पूड तपासून घेतली. कॅल्शियम आणि फॉस्फेट, कुणाच्याही कीटणात असतं तेच. पाण्याशी काही संबंध जुळला नाही. हे क्षार माणसाच्या स्वतःच्या लाळेतून येतात, आणि दातांवरचा मऊ थर वेळच्या वेळी निघाला नाही की त्याचा दगड करतात. म्हणजे कुणीतरी वेळेवर बघायला हवं होतं. घरात दातांची डॉक्टर होती.

पुढच्या खेपेला आई दुधात भाकरी कुस्करत बसली होती. “माझ्या दाताचं काय निघालं गं?” तिनं विचारलं.

“पाणी,” मी म्हणाले. “बोअरच्या पाण्यानं झालं.”

“बरं झालं बाई. मला वाटलं, माझ्याच मिसरीनं झालं. डॉक्टरीणबाईची माय आन् तोंड असलं. तुला कमीपणा नको म्हणून कदी दाखवलं न्हाई.”

प्रबंध मंजूर झाला, त्यात पाण्याबद्दल खरं तेच लिहिलं आहे. आईला वाचता येत नाही.

आता मी घरी जायच्या आधी ती चुलीवर पाणी उकळते, फडक्यानं गाळते आणि माझ्यासाठी वेगळ्या कळशीत झाकून ठेवते. “तुझे तरी राहू दे,” म्हणते. मी ते पिते.